आईच्या शेजारची जागा

आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत परवा झाडांचे बुंधे रंगवायला दोन माणसं आली होती. पत्र्याच्या जुन्या डब्यात त्यांनी कळीचा चुना टाकला, वरून पाणी ओतलं आणि बघता बघता तो रटरटायला लागला. त्याची वाफ माझ्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत आली. ओला, ऊन, नाकाला किंचित झोंबणारा तो वास. मी मेथी निवडत बसले होते, ती तशीच मांडीवर राहिली. हल्ली भिंतींना रंगाचे तयार डबे येतात, त्यामुळे चुना असा उकळताना दिसत नाही आणि वासही येत नाही. त्या वासाने मी किती वेळ गॅलरीत बसून राहिले कोण जाणे. खालच्या माणसाने वर बघून विचारलं, "मावशी, तरास होतोय का वासाचा?" मी मानेनेच नाही म्हटलं. त्रास होत होता, पण तो त्याच्या डब्यातला नव्हता.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी आमच्या नाशिक रोडच्या घरामागे पप्पा असाच चुना विरवायचे. ईस्टरला पहाटेची उपासना आमच्याकडे कबरस्थानात होते. सगळी मंडळी मेणबत्त्या घेऊन आपापल्या माणसांपाशी उभी राहते, आणि तोवर प्रत्येकाची कबर पांढरी झालेली असावी असा रिवाज आहे. आजी-आजोबांच्या कबरींना चुना लावायचं काम पप्पांचं. चुना निवला की त्यात ते नीळ घालायचे, अगदी चिमूटभर. नुसता चुना उन्हात पिवळट दिसतो असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे आमच्या कबरी ओळखू यायच्या, इतरांपेक्षा जराशा निळसर. आई म्हणायची, "मेलेल्यांचे कपडे काढलेत का धुवायला?" पप्पा हसायचे नाहीत, कुंचा डब्याच्या काठावर निथळून पुढच्या कामाला लागायचे.

पप्पा मोजणीखात्यात होते. उभा जन्म त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या आणि स्वतःच्या नावावर अर्धा गुंठाही केला नाही. साखळी ओढून ओढून त्यांचं पाऊलच साखळीसारखं झालं होतं. अडीच फूट, ना कमी ना जास्त. ते चालताना मनात मोजत असायचे. मध्येच काही विचारलं तर एक बोट वर करायचे, म्हणजे थांब, आकडा चुकेल. घरापासून देवळापर्यंत, म्हणजे आमच्या चर्चपर्यंत, किती पावलं, देवळापासून स्टेशनापर्यंत किती, हे त्यांना पाठ होतं. लहानपणी त्यांचं बोट धरून चालताना मला अर्धवट धावावं लागायचं, कारण ते पाऊल कोणासाठी लहान करत नसत, पोरीसाठीसुद्धा नाही. आज वाटतं, त्यांच्या सगळ्या आयुष्याचं हेच होतं. ते आपल्या मापाने चालले आणि आम्ही दोघी मागून धावलो.

निवृत्त झाल्यावर मंडळीने त्यांना वडील नेमलं. वडील म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्यांपैकी एक. पाळकसाहेबांच्या, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या, बाजूला बसायचं, प्रभुभोजनाच्या विधीत द्राक्षरसाचा प्याला धरायचा, कोणाच्या घरी भांडण झालं तर जाऊन प्रार्थना करायची. पप्पांनी हे सगळं केलं, पण त्यांचा जीव तिथे रमला नाही. रुळांकडेच्या वस्तीला नळ मिळत नव्हता, तर हे वस्तीतल्या प्रत्येक झोपडीपासून सार्वजनिक नळाचं अंतर पावलांनी मोजून, नकाशा काढून पालिकेत जाऊन बसले. रस्तारुंदीत भाजीवाल्या बायकांना उठवलं, तर रस्त्याची खरी रुंदी किती हे यांनी भर चौकात टेप लावून दाखवलं. घोषणा द्यायला त्यांना आवडत नसे. सोबतच्या लोकांनी आवाज चढवला की ते म्हणायचे, "ओरडू नका. आकडा सांगा. साहेबाला आकड्याची भीती वाटते." नव्वदच्या दशकातल्या त्या वर्षांत आमच्या ओटीवर कायम पाच-सात माणसं बसलेली असत. हिंदू, मुसलमान, बौद्ध, कोणीही. आई चहा टाकत राहायची. मी शाळेतून शिकवून यायचे तेव्हा माझ्या खुर्चीवर कोणीतरी परकं माणूस रेशनकार्ड घेऊन बसलेलं असायचं. पाळकसाहेब एकदा कळकळीने म्हणाले, "वडील, जरा मंडळीकडेही बघा." पप्पा म्हणाले, "तेच बघतोय." मला तेव्हा पाळकसाहेबांचंच पटलं होतं.

अशाच एका रविवारी, उपासना सुटल्यावर, देवळाच्या पायरीवर एक माणूस बसलेला दिसला. चपला हातात, पायांवर लाल धूळ, शेजारी फडक्यात बांधलेली नागली. हरसूलच्या पुढे डोंगरात एक पाडा आहे, तिथून तो आला होता. पाड्यावर ख्रिस्ती झालेली बारा-तेरा घरं. त्याचा बाप वारला तेव्हा गावाने स्मशानात माती द्यायला हरकत घेतली. गावातली माणसं काही वैरी नव्हती, त्यांच्यातले अर्धे त्याचे नातेवाईकच. पण तुमचा देव वेगळा झाला, आता तुमची माती आमच्यात नको, आमचा गावदेव कोपेल, असं त्यांना मनापासून वाटत होतं. बापाला खांद्यावर घेऊन हे लोक दिवसभर जागा शोधत फिरले आणि शेवटी याने स्वतःच्या भातखाचराच्या बांधावर खड्डा खणला. "माजा तरी बांध हाय बाबा," तो पप्पांना म्हणाला, "बाकीच्यांना तेबी नाय. त्यांनी माणूस कुठं न्यायाचं?" पप्पांनी त्याला घरी जेवायला आणलं. आईने त्या नागलीच्या भाकरी केल्या. पुढे तो दर फेरीला नागली आणायचा, म्हणून आई त्याला नागलीवालाच म्हणायची, आणि आमच्या घरात त्याचं तेच नाव पडलं.

त्यानंतरची पाच-सहा वर्षं मी एका वाक्यात सांगू शकते: पप्पा पाड्यावर असत आणि आम्ही त्यांची वाट बघत असू. त्यांनी गावाचं गायरान मोजलं, त्यात वीस गुंठ्यांचा उताराचा एक खडकाळ तुकडा शोधून काढला आणि तो दफनभूमीसाठी मागितला. अर्जावर अर्ज गेले. उत्तर नाही आलं की ते तालुक्याच्या कचेरीच्या पायऱ्यांवर जाऊन बसायचे, रविवारचा काळा कोट घालून. पाड्यावरची माणसं त्यांच्या मागे ओळीने बसायची आणि हळू आवाजात गीतं म्हणायची. नागलीवाल्याने मला नंतर सांगितलं की कारकुनांना त्या गाण्याचाच जास्त वैताग यायचा, कारण हाकलावं एवढा तो आवाज मोठाही नसे आणि काम करू द्यावं एवढा लहानही नसे. पप्पा शेवटची बस धरून यायचे. तोवर आईची पोळी ताटाखाली झाकलेली, वातड झालेली. ती स्वतः जेवलेली नसायची. मी चिडले की म्हणायची, "जाऊ दे गं. कोणीतरी मेल्याशिवाय थोडेच गेलेत तिकडे."

आईला दवाखान्यात दाखल केलं त्या दुपारी ते त्या पायऱ्यांवर होते. निरोप पोचून ते येईपर्यंत दिवे लागले होते. ती त्यानंतर दोन दिवस शुद्धीवर होती, त्यांच्याशी बोललीही, कोटाचं बटण तुटलंय म्हणून सांगितलं. पण मला तिने एकटीला गाठलं. तिच्या उशाशी मोसंबी सोलत बसले होते तेव्हा म्हणाली, "यांची जागा माझ्या शेजारीच घेऊन ठेव. जिवंतपणी माझ्या वाट्याला आले नाहीत. मेल्यावर तरी त्यांना लोकांना देऊ नकोस." मी हो म्हटलं. मोसंब्याची फोड तिच्या ओठांशी नेत हो म्हटलं, इतकं ते सोपं होतं. मंडळीच्या कबरस्थानात आईच्या उजव्या हाताची जागा पप्पांच्या नावाने राखून ठेवली. पप्पांनी ती स्वतः मोजली. सात फूट बाय तीन. त्या वर्षीच्या ईस्टरला चुन्यात त्यांनी नीळ जरा जास्तच घातली.

आई गेल्यानंतर दोन वर्षांनी पाड्याला जागा मिळाली. कागद हातात घेऊन पप्पा घरी आले आणि पहिल्यांदा आईच्या फोटोसमोर उभे राहून त्यांनी तो मोठ्याने वाचला. शेवटची अट वाचताना मात्र आवाज थोडा उतरला. दोन वर्षांच्या मुदतीत जागेचा त्या कामासाठी वापर सुरू झाला नाही, तर ती सरकारजमा होईल. गावातल्या काही जणांना ती चराईला हवी होती, तेही मुदतीकडे डोळे लावून बसले. आणि मग अशी गंमत झाली की पाड्यावर कोणी मरेनाच. एक म्हातारा होता, त्याची आशा सगळ्यांनी सोडली होती. जागा मिळाल्याचं कळलं आणि तो उठून बसला, भाकर मागू लागला. पप्पा भेटायला गेले तर ओशाळून म्हणाला, "बाबा, म्या काय मुद्दाम नाय राहिलो." पप्पा पोट धरून हसले, त्यांना तसं हसताना मी फार कमी वेळा पाहिलं आहे. एक तरुण गडी द्राक्षाच्या हंगामात कामाला गेला आणि तिकडेच तापाने गेला, त्याला तिकडेच माती दिली. अशी दोन वर्षं सरत आली. पप्पांनी अर्ज करून आणखी एक वर्ष मागून घेतलं. तिसऱ्यांदा मुदत मिळणार नाही, असं साहेबांनी तोंडावर सांगितलं.

आणि मग नागलीवाल्याची आई वारली. निरोप आला तेव्हा शाळेला सुट्टी होती, आणि पप्पांच्या छातीत अधूनमधून दुखायला लागलं होतं, म्हणून मीही सोबत गेले. आम्ही पोचेस्तोवर सगळं उरकलं होतं. नव्या जागेवर कोणी नव्हतं. उंच वाढलेलं गवत आणि कोपऱ्यात पप्पांनी रोवलेले हद्दीचे दगड. म्हातारीला नागलीवाल्याने खाचराच्या बांधावर, नवऱ्याच्या शेजारी पुरलं होतं. पप्पांचा तोल गेला. सुतकातल्या माणसाला काय बोलावं याचं भान त्यांना राहिलं नाही. "एवढी वर्षं कोणासाठी घासली मी? बांध आज तुझा आहे, उद्या भावाच्या वाटणीत जाईल, आईबापाच्या छातीवर नांगर फिरेल. ज्यांना बांध नाही त्यांनी काय करायचं? जागा गेली तर तुझ्यामुळे जाईल!" सगळा पाडा अंगणात उभा होता. नागलीवाला खाली बघत होता. त्याच्या नखांत अजून माती होती. तो म्हणाला, "तिनं मागितलं व्हतं बाबा. धन्याजवळ ठेव म्हनली." आणि मग मान वर करून, अजिबात रागाने नाही, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं त्याने विचारलं, "तुमी झोपाल का हितं? ताईच्या आईला तिकडं एकली ठेवून?"

पप्पा नेहमी आकडा सांगायचे आणि समोरचा गप्प व्हायचा. इथे आकडाच नव्हता. ते त्या अंगणात कोट घालून उभे राहिले, एकदा बांधाकडे बघितलं, एकदा गवताने भरलेल्या त्या उताराकडे, आणि म्हणाले, "झोपेन." एवढंच. मग नागलीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चुकलं माझं. आईला शांती असो." परतीच्या जीपमध्ये मी त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाही.

घरी आल्यावर बोलले. जेवढं आईने कधी बोलायला हवं होतं तेवढं सगळं मी त्या संध्याकाळी बोलले. "आईचं काय?" मी विचारलं. ते म्हणाले, "तिला विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती." मी म्हटलं, "विचारलंत का कधी तिला काही?" पप्पा ताटातला भात चिवडत राहिले. मग सावकाश म्हणाले, "शब्द गेला तोंडातून. त्यांच्यापैकी एकाला सांगायचं की तू आपलं माणूस एकटं ठेव, आणि मी मात्र माझी जागा राखून ठेवली आहे, हे कसं चालेल?" आईने माझ्याकडून काय वचन घेतलं होतं ते मी त्यांना तेव्हाही सांगितलं नाही. का नाही सांगितलं, याचं उत्तर मी अजून शोधते आहे. कदाचित त्यांनी ऐकून घेतलं असतं आणि तरीही पाडाच निवडला असता, आणि मला ते बघायचं नव्हतं. काही दिवसांनी त्यांनी माझ्या हातात एक नकाशा ठेवला. वीस गुंठ्यांत दोनशेवर जागा आखल्या होत्या, मध्ये पायवाटा सोडून. पहिल्या चौकोनात एकचा आकडा होता. "पुढचं तू ठरव," ते म्हणाले, "मला कुठे कळणार आहे."

वाढीव मुदतीचे दोन महिने उरले असताना ते गेले. मंडळीतले लोक अजूनही म्हणतात, वडिलांनी वेळ साधली. मला तसं बोललेलं आवडत नाही. त्यांनी काही साधलं नाही, सकाळी दाढी करता करता ते खुर्चीत कलले आणि अर्ध्या गालावर साबण तसाच राहिला. तो मी पुसला. पाळकसाहेबांनी विचारलं, कुठे? मी म्हटलं, आईशेजारी. मला जराही विचार करावा लागला नाही. माझ्यात तेव्हा दुसऱ्या कोणासाठी काही उरलंच नव्हतं. दुपारपर्यंत पाड्यावरची सहा माणसं एसटीने येऊन फाटकाबाहेर उभी होती. नागलीवाला पुढे आला. हातात नागली नव्हती, तर त्याला हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "ताई, आमी न्यायाला नाय आलो. माती द्यायाला आलो. तुमी म्हनाल तिथं."

दफनाच्या आधी जागा एकदा बघून यावी म्हणून मी कबरस्थानात गेले. आईच्या शेजारी खड्डा जवळजवळ खणून झाला होता. खणणारा म्हातारा दमून बाजूला बसला होता आणि आत उतरून नागलीवाला खणत होता. सदरा काढून ठेवलेला, पाठ घामाने निथळत होती. खड्ड्याच्या कडा तो कुदळीने सारख्या करत होता, थांबून लांबी बघत होता, पुन्हा करत होता. ओळंब्यात. पप्पांनीच शिकवलं असणार त्याला. त्या एका खड्ड्याबरोबर बारा घरांची जागा जात होती, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? आणि तो ती स्वतःच्या हाताने घालवत होता, आणि इतक्या निगुतीने. माझ्या पर्समध्ये तो नकाशा होता, एकचा आकडा असलेला. मी आईच्या कबरीकडे बघितलं. त्या वर्षीचा चुना अजून उडाला नव्हता. मला वाटतं मी तिला सॉरी वगैरे काही म्हटलं नाही. मी फक्त म्हटलं, "थांबा. वर या." नागलीवाला वर आला. मी म्हटलं, "टेम्पो किती वाजेपर्यंत पोचेल तिकडे?" तो मटकन मातीच्या ढिगावर बसला आणि हमसाहमशी रडायला लागला. खणणाऱ्या म्हाताऱ्याने विचारलं, "मग हा खड्डा?" उघडी कबर तशी ठेवू नये म्हणतात. तेव्हा त्या सहा माणसांनी आणि मी मिळून ती बुजवली, आत कोणी नसताना. मूठमाती मी पहिली टाकली. तेवढं तरी आईच्या शेजारी पप्पांच्या नावाने व्हावं, असं वाटलं.

दिवस मावळायच्या आत पाड्यावर माती दिली. गावातली काही माणसं लांब चढावर उभी राहून बघत होती. कोणी खाली आलं नाही आणि कोणी हरकतही घेतली नाही. एका म्हाताऱ्याने डोक्यावरचा फेटा काढून हातात धरला होता. दुसऱ्या दिवशी तलाठी आले, त्यांनी पंचनामा केला. जागेचा वापर सुरू झाला असून मयत इसम अमुक अमुक यांचे दफन झाले आहे. माझ्या वडिलांबद्दलचा तो शेवटचा सरकारी कागद. त्यांना तो आवडला असता, त्यात अंतरं बरोबर होती. त्यानंतर त्या उतारावर एकामागून एक माणसं आली. मुद्दाम राहिलो नाही म्हणणारा तो म्हातारा दोन नंबरच्या जागेत आहे.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. नाशिक रोडचं घर सोडून मी इकडे राहायला आले. ईस्टरच्या शनिवारी सकाळी आईकडे, दुपारच्या गाडीने पाड्यावर, रविवारी तिकडची पहाटेची उपासना करून परत, असा माझा नेम होता. दोन कबरी, मध्ये साठेक किलोमीटर, आणि चुन्याचा डबा घेऊन एसटीत उभी मी. खरं सांगायचं तर मी दमले आहे. पप्पांबद्दल सभांमधून चांगलं बोलतात, लोकांच्या हक्कांसाठी झिजलेला माणूस म्हणतात, आणि ते खोटं नाही. पण झिजणाऱ्या माणसाच्या घरात आणखी कोण कोण झिजतं याचा उल्लेख करायला भाषणात वेळ नसतो. आईला दिलेला शब्द मी मोडला. तो मोडून बारा घरांचं भलं झालं हे मला कळतं, तरीही तो मोडलाच. या दोन्ही गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत, माझ्यात त्या शेजारीशेजारी राहतात.

एक मात्र झालं. पप्पा गेल्यानंतरच्या पहिल्याच ईस्टरला मी डबा-कुंचा घेऊन आईकडे गेले तर कबर आधीच पांढरी झालेली. जरा निळसर. पाड्यावरचं कोणीतरी पहिल्या गाडीने येऊन, चुना लावून, मला न भेटता परत गेलं होतं. मग ते दर वर्षी होत गेलं. 

या वर्षी गुडघ्यांनी मला पाड्यावर जाऊ दिलं नाही. त्यात महिनाभर आधी मंडळीच्या कमिटीचं पत्र आलेलं. कबरस्थानात जागा अपुरी पडते आहे, आपल्या मातोश्रींच्या शेजारची राखीव जागा सोडणार की कोणाच्या नावे ठेवणार, ते फॉर्मवर कळवावं. मी ठरवलं होतं, माझंच नाव लिहून टाकावं. तो फॉर्म पर्समध्ये घेऊनच शनिवारी आईकडे गेले, जरा लवकर. आणि नागलीवाला सापडला. केस पिकले आहेत, पाठीला बाक आला आहे. कुंचा घेऊन वाकला होता. आईची कबर झाली होती आणि तो शेजारच्या रिकाम्या जागेभोवती चुन्याची रेघ ओढत होता. सात फूट बाय तीन, सरळ. मी विचारलं, "ही कोणासाठी?" त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी वेड्यासारखं काहीतरी विचारलं आहे.

"बाबांची ना," तो म्हणाला. "तिकडं ते आमच्या कामावर हायेत, ताई. काम सरलं का येतीलच हितं. पुनरुत्थानाच्या दिवशी कोनी जागा घेतली आसंल तर मंग?"

मला हसू यावं की रडू, ते कळलं नाही, म्हणून मी त्याच्या हातातला कुंचा घेतला आणि उरलेली रेघ पुरी केली. माझी बाजू वाकडी आली. त्याने ती सरळ केली नाही.

सोमवारी कमिटीच्या कचेरीत जाऊन फॉर्म दिला. कारकून नवा पोरगा आहे. रकान्यातलं नाव वाचून म्हणाला, "मॅडम, हे तर वारलेत ना? यांचं दफन झालेलं आहे, आमच्या पुस्तकात नोंद आहे." मी म्हटलं, "हो. पण अजून कामावर आहेत." त्याने फॉर्म एकदा उलटून बघितला आणि फाइलला लावला. माझी सोय कुठे करायची ते अजून ठरवलेलं नाही. कुठेही चालेल, फक्त तिथून कुठे जायला लागू नये.

परवा गॅलरीत बसल्या बसल्या मी हिशेब केला. पाड्यापासून आईपर्यंत साठ किलोमीटर, पाऊल अडीच फुटांचं. ऐंशी हजारांना थोडी कमी पावलं होतात. ते निघतील तेव्हा मनात मोजतच निघतील, वाटेत कोणी काही विचारलं तर बोट वर करतील, आणि नेहमीसारखा उशीर होईल. आईने तोवर जेवायचं थांबू नये, एवढं कोणीतरी तिला सांगायला हवं.